अविभक्त ख्रिस्ती कुटुंब

महाराष्ट्रातली एकत्र कुटुंबपद्धती संपली, असे आपण कित्येक वर्षे ऐकत आलो आहोत. परिसंवादांत हळहळ व्यक्त होते, दिवाळी अंकांत उसासे टाकले जातात, आणि टीव्हीवरच्या मालिकांतली एकत्र कुटुंबे सकाळच्या चहालाही पैठणी नेसून बसत असल्यामुळे पुराव्यात धरता येत नाहीत. मोठा वाडा, त्यात वीस-पंचवीस माणसे, एकच तिजोरी, एकाच कमरेला सगळ्या किल्ल्या, कुणाचे मूल कुणाच्या पानात जेवते याचा हिशेब नाही आणि कुणाच्या पाठीत कुणाचा धपाटा बसतो याचा तर नाहीच. हे सगळे म्हणे इतिहासजमा झाले. माझे म्हणणे असे, की शोधणाऱ्यांचा पत्ता चुकला. त्यांनी ते सदाशिव पेठेत शोधले, गिरगावात शोधले, कोकणातल्या कुलूपबंद घरांच्या ओसरीवर शोधले. जिथे ते रोज सकाळी सव्वासातला घंटा वाजवून भरते, तिथे कुणी डोकावलेच नाही. महाराष्ट्रातले शेवटचे धडधाकट एकत्र कुटुंब म्हणजे ख्रिस्ती संस्थेची प्राथमिक शाळा. आपण मुलाला तिथे इंग्रजीसाठी घातले, अशी पालकांची समजूत असते. प्रत्यक्षात ज्या वाड्यातून त्यांचे आईवडील मोठ्या जिद्दीने भांडून बाहेर पडले, त्याच वाड्यात ते मुलाला परत नेऊन सोडतात. या खेपेला त्याची पावतीही मिळते.

पहिला पुरावा नावांचा. या शाळेत फादर असतात, सिस्टर असतात, क्वचित ब्रदर असतात आणि जुन्या पालकांच्या बोलण्यात अजून मदरही असतात. म्हणजे बाप, बहीण, भाऊ आणि आई. यातल्या एकाचेही लग्न झालेले नाही आणि होणारही नाही, तरी कुटुंब आहे ते आहेच, आणि त्याला मुले आहेत बाराशे. युरोपातून आलेल्या या चार नात्यांवर कुटुंब भागले असते तर ते जेमतेम चौकोनी झाले असते. पण आपल्या लोकांना चौकोनी कुटुंबात चैन पडत नाही. म्हणून वर्ग झाडणाऱ्या आणि लहानग्यांची नाके पुसणाऱ्या बाई मावशी झाल्या, फाटकावरचा माणूस काका झाला, बसमधला मुले मोजणारा दादा झाला. पगारपत्रकात मावशी नावाचे पद नाही, पण शाळेतल्या एकाही मुलाला त्या पदाचे पगारपत्रकातले नाव सांगता येणार नाही. यावर कुणी म्हणेल, ही नुसती संबोधने आहेत. इस्पितळातही सिस्टर असतात, म्हणून इस्पितळ काही माहेर होत नाही. खरे आहे. पण इस्पितळातून माणूस चार दिवसांत घरी येतो, आणि तिथली सिस्टर त्याला दहा वर्षांनी बाजारात गाठून ‘अक्षर सुधारलं का रे?’ असे विचारत नाही.

इतर शाळांशी ताडून पाहिले तर मुद्दा अधिक स्पष्ट होतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी असतात आणि बाई असतात. दोन्ही शब्द आदराचे आहेत, नात्याचे नव्हेत. गुरुजी आणि बाई एकमेकांचे कुणी लागत नाहीत. अलीकडच्या आंतरराष्ट्रीय शाळांत मुख्याध्यापकाला हेड ऑफ स्कूल म्हणतात, शिक्षकाला फॅसिलिटेटर म्हणतात आणि पालकाची तक्रार ऐकायला रिलेशनशिप मॅनेजर बसवलेला असतो. रिलेशन सांभाळायला पगारी मॅनेजर लागतो तिथे नाते नाही, हे उघड आहे. तिथे टॉवेल बदलून मिळावा तशा अदबीने मुलाचा वर्ग बदलून मिळतो. ख्रिस्ती शाळेत असे काही मागायला गेलेला पालक आपण मागायला आलो होतो की माफी मागायला, याच गोंधळात बाहेर पडतो. ही किमया वाड्यातच होते.

आता वाड्याची रचना बघा. फादर हे आजोबा. शाळेचे मॅनेजर म्हणून कागदावर सर्वाधिकार त्यांचे, पण ते वर्षातून मोजक्या प्रसंगी दिसतात: स्नेहसंमेलन, क्रीडादिन आणि शाळेच्या संताचा सण. त्या दिवशी ते सगळ्यांना आशीर्वाद देतात, एखाद्या मुलाच्या केसांतून हात फिरवतात, आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी जाहीर करतात. आजोबांचे औदार्य हे नेहमी दुसऱ्याच्या वेळापत्रकातून केलेले असते. बुडालेला पोर्शन कसा भरून काढायचा ते सिस्टर बघून घेतात. या सिस्टर म्हणजे घरातली थोरली, अविवाहित वन्सं. नाव मुख्याध्यापिका असले तरी तिची खरी ताकद पदात नाही, किल्ल्यांच्या जुडग्यात आहे. खडूचे कपाट, नकाशांचे कपाट, ढाली ठेवलेले काचेचे कपाट, आणि कुणीही कधी उघडलेले न पाहिलेले एक चौथे कपाट, या सगळ्यांच्या किल्ल्या तिच्याकडे. तिचा आवाज चढत नाही. चष्म्यावरून पाहणे एवढे एकच हत्यार ती वापरते, आणि ते हत्यार सातवीतल्या मुलावर जितके चालते तितकेच त्याच्या बँक मॅनेजर वडिलांवरही चालते.

मग सुना कोण? सुना म्हणजे टीचर. आडनावे वाचून पाहा: मुंबई-पुण्याच्या कुठल्याही कॉन्व्हेंटच्या स्टाफरूममध्ये डिसोझा आणि फर्नांडिस यांच्या शेजारी कुलकर्णी, शिंदे, पाटील, नायर अशी खुर्च्यांची ओळ असते. म्हणजे सूनच, दुसऱ्या घरात वाढली, इथे आली, इथले रीतिरिवाज शिकली. कुलकर्णी टीचर सकाळी घरून अथर्वशीर्ष म्हणून निघतात आणि असेंब्लीत ‘आवर फादर’ची सुरुवात त्याच सुरात करून देतात. वाड्यातल्या सगळ्या कामाचा भार यांच्यावर: शिकवणे, तपासणे, नाटकातल्या मेंढ्यांना कापूस चिकटवणे, सहलीत उलट्या आवरणे, निवडणुकीची आणि जनगणनेची कामे. मालमत्तेत हिस्सा नाही, पण चहाचा कप फुटला तर चौकशी आधी यांची. सुनांचे आपसांत पटत नाही, मात्र वन्सं दारात दिसल्या की सगळ्यांचे एकदम पटते. सुनेची परीक्षा हाही जुनाच विषय. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेवेतल्या शिक्षकांनाही टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक ठरवले, आणि अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवण्यासाठी वेगळा काढला. म्हणजे बाकीच्या घरांतल्या सुनांनी पुरणपोळी करून दाखवायची हे ठरले. या वाड्यातल्या सुनांचे काय, ते आजेसासऱ्यांनी ठरवायचे आहे.

एकत्र कुटुंबाची अस्सल खूण मात्र तिजोरीत असते. ज्याने त्याने आपली कमाई आणून एकाच पेटीत टाकायची, आणि चपलेचा अंगठा तुटला तरी नवी चप्पल विचारून घ्यायची. आपल्या आयकर कायद्यात हिंदू अविभक्त कुटुंब नावाची करदात्याची एक स्वतंत्र जात आहे. त्या नावाने व्यवहार करणारी बरीचशी कुटुंबे आज फक्त सनदी लेखापालाच्या फायलीत अविभक्त आहेत. जेवताना ती तीन वेगवेगळ्या शहरांत जेवतात. उलट सिस्टर खरोखरच अविभक्त असतात. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रते त्यांनी घेतलेली असतात, आणि अनुदानित शाळेत त्यांच्या नावे सरकारी पगार आला तरी तो त्यांच्या संघाच्या सामाईक तिजोरीत जातो. पगारातून आयकर कापू नका, कारण हा पैसा आमचा नाहीच, असे म्हणत दक्षिणेतल्या, मुख्यतः तमिळनाडू आणि केरळातल्या, ख्रिस्ती संस्था न्यायालयात गेल्या होत्या. धर्मशास्त्राप्रमाणे अखेरचे व्रत घेतलेली व्यक्ती व्यवहारापुरती मृतच असते, असाही युक्तिवाद झाला. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: पगार तुमच्या नावाने निघतो, कर कापला जाईल. कायद्याने जे व्हायचे ते झाले. पण सामाईक तिजोरीसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत एकोप्याने जाणारे दुसरे कुटुंब दाखवा. आपल्याकडे भाऊ-भाऊ कोर्टात जातात ते तिजोरी फोडण्यासाठी. आणि व्यवहाराच्या दृष्टीने मृत मानलेली व्यक्ती वहीवर लाल शाईने एवढे मोठे शेरे कशी लिहू शकते, हा प्रश्न कोणत्याही वकिलाला सुचला नाही, याचे आश्चर्य वाटते.

‘मिस’ या संबोधनाचाही उलगडा इथेच करून टाकू. या शाळांत टीचरला मिस म्हणतात, मग त्या मिस दोन नातवंडांच्या आजी का असेनात. बाहेरच्यांना हे विनोदी वाटते. पण या शब्दाला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या सिंथिया फरार 1827 च्या अखेरीस मुंबईत आल्या, पुढे नगरला गेल्या आणि 1862 साली तिथेच वारल्या. त्यांच्या मिशनने परदेशी पाठवलेल्या पहिल्या अविवाहित बायकांपैकी या एक. नाव फरार, पण चौतीस वर्षांत मधे एकदा मायदेशी जाऊन आल्या तेवढ्याच. बाकी सारा काळ मुलींच्या शाळांत हजर. त्यांच्या नगरच्या शाळा जोतीराव फुल्यांनी पाहिल्या आणि 1848 साली पुण्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंच्या अध्यापनाच्या शिक्षणाशीही फरारबाईंचे नाव जोडले जाते. म्हणजे मराठी मुलीच्या शिक्षणाच्या पाळण्याची एक दोरी एका मिसच्या हातात होती. तेव्हा आजच्या मिसला घरी नातू असण्यात विसंगती काही नाही. घरात एकदा ताई म्हणून ओळखली गेलेली बाई ऐंशीव्या वर्षीही ताईच राहते. थोरल्या सुनेला पणतू झाला तरी ती धाकट्यांची वहिनीच असते.

शिस्तीचा विषय निघाला की लोक छडीवर येतात. वाडा म्हटला की मार आला, आणि मार आला की तुमच्या त्या वाड्याचे गोडवे कशाला, असा हा आक्षेप. आक्षेप रास्त आहे. एकत्र कुटुंबात लहानांना मार बसे आणि या शाळांतही बसे. त्यावर पांघरूण घालायचे कारण नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केले, हे उत्तमच झाले. पण छडी गेल्यावरही शांतता उरली, ती कशाच्या जोरावर, हे पाहण्यासारखे आहे. शिक्षकांचे आश्रयदाते मानले गेलेले फ्रेंच संत जाँ बातिस्त द ला साल यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस शाळा चालवल्या, तेव्हा शिक्षकाने शक्यतो बोलूच नये असा त्यांचा दंडक होता. शिक्षकाच्या हातात लाकडाचे एक लहानसे टिकटिक वाजणारे यंत्र असे, आणि उठा, बसा, वाचा, थांबा हे सगळे त्याच्या आवाजावर चाले. आपल्याकडे हेच काम वन्संच्या किल्ल्यांची किणकिण करते. इटलीतल्या डॉन बॉस्को यांचे म्हणणे असे, की शिक्षा करण्यापेक्षा गुन्ह्याला जागाच ठेवू नये. मोठ्यांनी सतत मुलांच्या आसपास असावे. याला त्यांनी प्रतिबंधक पद्धती म्हटले. आपल्याकडे याला आजी म्हणतात. ओट्यावर बसलेली, डोळे मिटून जपमाळ ओढणारी आणि तरीही लाडवाच्या डब्याचे झाकण हलले की ‘कोण आहे रे ते?’ असे विचारणारी आजी हीच ती पद्धती. विभक्त कुटुंबाने तिच्या जागी सीसीटीव्ही बसवला, पण कॅमेऱ्याला मधली सुट्टी संपण्याआधी डबा कुणाचा उघडलाय हे वासावरून कळत नाही.

आणि आता मावशी, ज्यांच्यावाचून हा वाडा दुपारपर्यंतही उभा राहणार नाही. सरकारी नियम, संघाची परंपरा, पालक-शिक्षक संघाचे ठराव यांपैकी कशातही मावशींच्या अधिकारांची नोंद नाही, म्हणूनच त्यांना मर्यादा नाही. पहिलीतल्या मुलाला वर्गात ‘मे आय गो टू द टॉयलेट’ हे वाक्य पाठ करून घेतलेले असते, पण वेळ गळ्याशी आली की तो ‘मावशीऽऽ’ एवढेच म्हणतो, आणि तेवढे व्याकरण पुरते. पोट दुखते, डोके दुखते, गुडघा फुटला, आईची आठवण आली, गणिताचा पेपर आहे, या पाचही आजारांवर मावशींचे औषध एकच: आधी पाणी पी, मग बस इथे. बहुतेक रोगी दहा मिनिटांत बरे होतात. गणिताचा तेवढा तास संपल्यावर होतो. हरवलेल्या बाटल्या, एका पायातला मोजा, पडलेला दात कागदात गुंडाळून, हे सगळे मावशींच्या खोलीत जपून ठेवलेले असते. कुणाच्या घरी आजोबा आजारी आहेत, कुणाचा डबा हल्ली बाबा भरतात, कुणाच्या आईबाबांचे बिनसले आहे, हे शाळेत आधी मावशींना कळते. समुपदेशक नेमला गेलाच तर तो अहवाल लिहिण्यापूर्वी मावशींना एकदा विचारून घेतो. मराठीच्या भवितव्याची चिंता करणाऱ्यांसाठी एक बातमी: इंग्रजी माध्यमाच्या या शाळांत दटावणे, समजावणे, नाक शिंकरणे आणि डोळे पुसणे ही खाती अजून पूर्णपणे मराठीच्या ताब्यात आहेत.

तरीही भाषेचा आक्षेप इतक्यावर मिटत नाही, हे मान्य. कॉन्व्हेंटने मुलांची मराठी घालवली, हा आरोप जुना आहे आणि त्यात तथ्यही आहे. मात्र आरोपीची ओळख पटवताना थोडी गफलत होते. इंग्रजी ही वाड्याची नव्हे, पालकांची मागणी होती. मिशनऱ्यांनी आपल्याकडे सुरुवातीला ज्या शाळा काढल्या, त्यांतल्या पुष्कळ मराठीत शिकवणाऱ्या होत्या, आणि वसईच्या पट्ट्यात चर्चच्या शेजारी मराठी माध्यमाच्या शाळा पिढ्यान्‌पिढ्या चालल्या. इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सने मराठी ओव्यांत लिहिलेले क्रिस्तपुराण 1616 साली गोव्यात छापले गेले. बाबा पद्मनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी 1857 सालची. फुलांमुलांचे कवी म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते टिळक रेव्हरंड होते. या घरात मराठी चांगली नांदत होती. ‘आमच्या बंटीशी घरीसुद्धा इंग्लिशमध्येच बोलतो आम्ही’ असे मराठीत सांगणारे पालक फाटकातून आत आल्यावर तिने माजघर गाठले. आता 2020 च्या कायद्याने तिला पहिलीपासून दहावीपर्यंत सक्तीने दिवाणखान्यात आणून बसवले आहे. मुलांना ती तिथे अवघडलेली वाटते, माजघरात मावशींजवळ मात्र छान बोलते.

दुसरा आक्षेप धर्माचा. या वाड्यात राहून मूल बाटणार नाही का? याचे कायदेशीर उत्तर संविधानाच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदात आहे: सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही धार्मिक शिक्षण सक्तीने देता येत नाही, मूल लहान असेल तर पालकांची संमती लागते. म्हणूनच कॅथलिक मुले कॅटेकिझमला जातात तेव्हा उरलेली मॉरल सायन्सला बसतात. तिथे खरे बोलावे, चोरी करू नये आणि वडीलधाऱ्यांचे ऐकावे असे शिकवतात, ज्याचा प्रसार एका धर्मानेच केला असे म्हणण्याइतका तो अजून कुठेच यशस्वी झालेला नाही. व्यावहारिक उत्तर नाताळच्या नाटकात मिळते. त्यात जोसेफ अथर्व असतो, मेरी ईश्वरी असते, पूर्वेकडून येणाऱ्या तीन ज्ञानी पुरुषांत एक आयान असतो, आणि खरोखरचा ख्रिस्ती मुलगा उंच नसल्यामुळे मेंढी झालेला असतो. एकत्र कुटुंबात व्रतवैकल्ये थोरली करते, प्रसाद सगळे खातात. शाळेला जून-जुलैत नवा येशूभक्त मिळाल्याचे ऐकिवात नाही. प्रवेशाच्या हंगामात मात्र सर्वधर्मीय पालकांची श्रद्धा एकाएकी वाढते आणि मेरीमातेपुढच्या मेणबत्त्यांत भर पडते.

तो प्रवेशाचा हंगाम हाच माझा शेवटचा पुरावा. वाड्यात शिरण्यापूर्वी दाखवण्याचा कार्यक्रम असायचा तसाच हा कार्यक्रम. शिक्षणहक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी घेण्यास मनाई केली, पण 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक संस्थांना तो कायदा लागू नाही असे ठरवले. चाळणीचे नाव घेतले नाही तरी ‘सहज भेटायला’ बोलावता येतेच. कांदेपोह्यांनाही कुणी परीक्षा म्हणत नसे. आई त्या दिवशी ठेवणीतला फिका पंजाबी ड्रेस घालते, वडील आपण सुट्टी काढून आलो आहोत हे तीनदा सांगतात, आणि मुलाला रंग ओळखता येतो का असे विचारल्यावर तो सिस्टरना त्यांच्या चष्म्याची किंमत विचारतो. घराणे पाहिले जाते: मोठी बहीण याच शाळेत आहे का, घर चालत येण्याइतके जवळ आहे का. नकार आला तर तोही जुन्याच पद्धतीने येतो. यादीत नाव नसते. कारण कुणी सांगत नाही.

नाव मिळाल्याने घर मिळत नाही, हे ज्यांना पटत नाही त्यांनी गल्लोगल्लीचे फलक वाचावेत. कॉन्व्हेंट म्हणजे मुळात जोगिणींचा मठ. विदर्भात आता बालवाडीलाच कॉन्व्हेंट म्हणतात, आणि साईकृपा कॉन्व्हेंट किंवा जिजाऊ कॉन्व्हेंट अशा पाट्या लागल्या की त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. तिथे एकही सिस्टर नसते. संस्थाचालक असतात, त्यांची पत्नी मुख्याध्यापिका असते आणि मेहुणा बसचा कंत्राटदार असतो. तेही कुटुंबच, पण विभक्त.

तेव्हा पुढच्या हंगामात अर्ज भरायला जाल, तर जन्मदाखल्याच्या तीन प्रती घ्या, फोटो आधीच कापून ठेवा, आणि ऑफिसकडे वळण्यापूर्वी जिन्याखाली फडके पिळत बसलेल्या मावशींना ‘मावशी, बऱ्या आहात ना?’ असे विचारून घ्या. सिस्टर कामात आहेत की नाहीत, हे त्याच सांगणार आहेत.